डाव्या खिशाचं अस्तर

माणूस ओळखायचा असेल तर त्याची पँट उलटी करून बघावी. तोंडावर काय, कोणीही साळसूदपणाचा आव आणतो. खिशाच्या अस्तराला ते जमत नाही. कोण दिवसभर किल्ल्या खुळखुळवत फिरतो, कोण बायकोपासून तपकीर लपवतो, कोणाचा हात खिशात जातो पण बाहेर काहीच निघत नाही, हे सगळं मला कळतं. मी शिंपी आहे. लोक माझ्याकडे पँट टाकतात, तिच्याबरोबर स्वतःची सगळी बित्तंबातमी देऊन जातात, आणि वर "जरा लवकर द्या हं" म्हणतात.

तर शेजारच्या एकहात्याचं सांगत होतो.

आमची दुकानाची खोली मुळात एकच. मालकाने मधे प्लायवूड ठोकलं आणि दोन दुकानं केली. अलीकडे मी, पलीकडे हा. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या पेट्या असतात ना, त्या हा दुरुस्त करतो. त्याही साध्या नव्हेत, जुन्या तऱ्हेच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या, ज्या उचलताना माणसाची कंबर धरते. दिवसभर पलीकडून एकच तार वाजते. टंऽऽग. मग सामसूम. मग पुन्हा टंऽऽग. पुढचा सूर काही येत नाही. गाणं म्हणून ऐकावं तर ते गाणं नाही, आवाज म्हणून सोडून द्यावं तर सोडता येत नाही. मी सुईत दोरा ओवायला घेतला की नेमकी टंऽऽग होते आणि माझा दोरा भलतीकडे जातो. इतक्या वर्षांत या माणसाने एक गाणं पुरं वाजवलं असेल तर शपथ.

एकहात्या हे नाव गल्लीने ठेवलेलं. हात दोन्ही आहेत, चांगले धडधाकट. पण डावा कायम पँटच्या खिशात. कामाच्या वेळी खिशात, भाजी घेताना खिशात, लग्नाच्या फोटोत खिशात, मयतीला उभा राहिला तरी खिशात. मुलगी झाली तेव्हा नर्सने बाळ पुढे केलं, तर या गृहस्थाने ते एका हाताच्या तळव्यावर घेतलं. नर्सने जी काही किंकाळी मारली म्हणता! त्याची बायको तेव्हा हसली होती म्हणे. ती बिचारी पुढे मुलगी शाळेत असतानाच गेली, आणि त्याने पोर वाढवली तीही एकाच हाताने. वेणीसुद्धा एका हाताने घालायचा. शाळेतल्या बाई विचारायच्या, ही वेणी आहे की गाठ?

लोकांना वाटायचं, काय हा मिजासखोर, चारचौघांत खिशातून हात काढत नाही. मलाही वाटायचं. शेवटी एकदा विचारलंच.

"त्या पेटीच्या पोटात चारशेच्या वर व्होल्ट असतात," तो म्हणाला. "प्लग काढलास तरी बराच वेळ आत दबा धरून बसतात. एका हाताने चुकून शिवलास तर झटका बसेल, आई आठवेल, घरी जाशील. पण एक हात आत आणि दुसरा बाहेर पत्र्याला टेकलेला असला, की वीज या हातातून त्या हातात जाते. मधे काय आहे?"

"बनियन," मी म्हणालो.

"काळीज आहे, गाढवा!"

म्हणून डावा हात खिशात. आणि दुकानात तेवढा घालायचा, बाहेर काढायचा, असं केलं तर सवय मोडते, म्हणून चोवीस तास खिशात. एकूण काय, पँट आली की उजवा खिसा नवाकोरा, डाव्याची चाळण. मी डाव्याला दुहेरी अस्तर लावायला लागलो. तेही वर्षभरात हात टेकायचं. माझ्या हाताला इतकी सवय झाली की दुसऱ्या कोणाची पँट असली तरी डाव्या खिशाशी आलो की आपोआप दुहेरी कापड कापलं जाई.

आता त्याचं काम काय, तेही सांगतो, कारण हे सगळं रामायण त्यावरून झालं. व्हॉल्व्ह म्हणजे तो तापून पिवळा उजेड देणारा काचेचा बल्ब. कोणी काही वाजवत नसलं तरी तो बसल्या बसल्या थोडी वीज पीत असतो. ती किती प्यायची हे ठरवून द्यावं लागतं. कमी मिळाली तर आवाज कोरडा, घशात खवखव असल्यासारखा. जास्त मिळाली तर आतला पत्रा लालभडक होतो आणि व्हॉल्व्ह जळतो. ठरवायचं कसं? पेटीच्या आत एक बारका स्क्रू असतो. पेटी चालू ठेवायची, मागचं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह नीट तापू द्यायचे, आणि मीटरवरचा आकडा बघत बघत स्क्रू केसभर फिरवायचा. याला म्हणतात बायस लावणं. पेटी बंद करून हे होत नाही. चालू पेटीतच हात घालावा लागतो. दुसरा एखादा शहाणा धंदा नव्हता का जगात?

आणि गिऱ्हाईकं तरी कसली! मी उभ्या जन्मात इतके दर्दी लोक एका जागी पाहिले नाहीत. कोणी म्हणतो, आवाजात ऊब राहिली नाही. कोणी म्हणतो, मखमल गेली. मखमलीचं मला काही सांगू नका, मखमल मी कापतो. सगळ्यांत वरचढ म्हणजे दातांचे डॉक्टर. पलीकडच्या चौकात त्यांचा दवाखाना. दिवसा लोकांच्या दाढा उपटतात आणि सुटीच्या दिवशी बँडमध्ये गिटार वाजवतात. बँडमधले सगळे दातांचेच डॉक्टर, आणि बँडचं नाव 'अक्कलदाढ'. त्यांची पेटी अशी की राजाच्या घरी शोभावी. वाजवणं असं की ते दाढा भूल न देता काढत असावेत अशी शंका यावी. दर दोन-चार महिन्यांनी येतात, डोळे मिटून एक तार छेडतात आणि म्हणतात, "छे. जीव नाही यात." जीव कुठून यायचा डॉक्टर, तुम्ही वाजवताय ना!

एकहात्याची मुलगी म्हणजे चिंगी. आता चांगली मोठी झाली, विजेच्या कामाचा कोर्स पुरा केला, त्यात पहिली आली. बापाने पेढ्यांऐवजी नवा मीटर आणला. मला वाटलं, आता पोरगी हाताशी आली, हा सुटला. पण छे! चिंगीने मीटर धरायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, बस्स. पेटीच्या आत बोट घालायचं नाही. "बत्तीस... तेहेतीस... बाबा, थोडं मागे... हं, थांबा." हे मी प्लायवूडमधून रोज ऐकायचो. पोरीला सगळं येत होतं. नुसता आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह म्हातारा झालाय ते सांगायची.

"बाबा, आज मी करते ना," ती म्हणायची.

"तुला खिसा नाही," तो म्हणायचा.

ऐकलंत? खिसा नाही! हे त्याचं कारण. बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो, खिसा नाही तर डावा हात ठेवणार कुठे, हात ठेवायला जागा नाही तर पेटीला हात लावायचा नाही. विषय संपला. चिंगी म्हणाली, पाठीमागे धरते. तर म्हणे, पाठीमागचा हात घाबरला की पुढे येतो, खिशातला अडकून बसतो. ती म्हणाली, तयार पँट घालते. घातली. तिला खिसे होते, पण बायकांच्या तयार पँटचे खिसे तुम्हाला ठाऊकच आहेत. वरून शिवण, आत दोन बोटं. एकदा तर ती बापाचीच जुनी पँट घालून आली. खिसा उत्तम, मी शिवलेला. पण कंबर इतकी मोठी की एक हात खिशात गेला, दुसऱ्याने पँट धरून ठेवावी लागली, आणि स्क्रूड्रायव्हर धरायला तिसरा हात नव्हता. बाप म्हणाला, "बघ!" जणू काही फार मोठा सिद्धान्त सिद्ध झाला.

तुम्ही म्हणाल, मग शेजारी शिंपी कशाला होता? माझं ऐका. बायकांच्या कपड्यांना मी खिसा लावत नाही. कधीच लावला नाही. कापड नीट पडत नाही, कमरेशी फुगा येतो, अंगावर शोभत नाही. माझ्या गुरूनेही लावला नाही. आमची ही लग्न झाल्यापासून मागतेय. "एक खिसा लावा हो, निदान रुमाल तरी राहील." मी म्हणतो, रुमाल पिशवीत ठेव. चिंगीही एकदा दबकत विचारून गेली होती. मी तिला कापडाच्या पडण्यावर इतकं लांबलचक भाषण दिलं की तिनेच आपणहून चहा करून आणला. शिवाय त्या पोरीचा हात कापडाला वाईट. लहानपणी माझ्याकडे बसायची तेव्हा कात्री दिली की अस्तराची दाताने चावल्यासारखी दशा करायची. मी म्हणायचो, पोरी, तुझे हातच वाकडे.

असं सगळं सुरळीत, म्हणजे सुरळीत नव्हे, पण चाललं होतं. मग एक दिवस एकहात्याने दुकानात घालायची करड्या रंगाची पँट टाकली, कंबर आत घ्यायला. मी सवयीने आधी डावा खिसा उलटा केला.

अस्तर कोरं करकरीत.

मी चष्मा पुसला. अस्तर मीच लावलेलं, गेल्या थंडीच्या आधी. एव्हाना त्यातून माझी बोटं आरपार जायला हवी होती. घडीसुद्धा मोडली नव्हती. आधी माझी छाती फुगली, म्हटलं वा, काय कापड निवडलंय! मग पँटबरोबर आलेला शर्ट पाहिला. उजव्या बाहीला कथिलाचे बारके डाग नेहमीच असतात, जोडकाम करताना तापलेला थेंब उडतो. या वेळी डाव्या बाहीलाही होते. ताजे.

डावा हात खिशात नव्हता, तर तो होता कुठे?

मी उठलो आणि प्लायवूडला जिथे गाठ निघून भोक पडलंय तिथे डोळा लावला. शोभतं का या वयात, असं म्हणू नका, तुम्हीही लावला असता. पलीकडे पेटी उघडी, व्हॉल्व्ह पेटलेले, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि तो हात थरथरत होता. साधा नाही, चांगला लटलट. आणि एकहात्याने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट घट्ट पकडलं होतं. दोन्ही हात पेटीच्या आत. मनगटाजवळचा पत्रा चमकत होता. चिंगी पलीकडे मीटर धरून उभी होती आणि आकडे वाचत होती, तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

ओरडावं असं वाटलं. पण ओरडलो असतो तर तो दचकला असता, आणि दचकला असता तर संपलंच होतं. तोंडावर हात दाबून मी भोकाशी उभा राहिलो. जीव असा टांगणीला लागला की मला माझ्या स्वतःच्या काळजाचे ठोके प्लायवूडवर ऐकू येत होते. शेवटी "हं, थांबा" झालं. हात बाहेर आले. मी खाली बसलो तो सुयांच्या उशीवर.

संध्याकाळी चिंगी पाणी भरायला गेली तसा मी पलीकडे गेलो आणि ती पँट त्याच्या टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

"पँट आहे. कंबर केलीस का?"

"कंबर गेली खड्ड्यात! अस्तर बघ अस्तर! मरायचंय का तुला? उद्या तुझ्या मयतीला मी कुठल्या खिशात हात घालून उभा राहू?"

त्याने अस्तर बोटांनी चाचपलं. मग म्हणाला, "मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. वयाची थरथर आहे म्हणाले. जिवाला काही धोका नाही."

"थरथरीचा नाही रे! ते थरथरणारं जिथे नेऊन घालतोस त्याचा आहे!"

"स्क्रू केसभर फिरवायचा असतो. मनगट धरल्याशिवाय होत नाही."

"मग पोरीला दे ना ते काम. तिला तुझ्यापेक्षा..."

"तिला खिसा नाही," तो म्हणाला. आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आम्ही दोघं शिकायला होतो उस्तादांकडे. मी आणि एक जण. माझ्याहून हुशार होता. मी पाणी प्यायला उठलो, परत आलो तर दोन्ही हात पेटीत, आणि हसतमुख तसाच गेलेला. मी पाहिलंय ते. तिला मी त्या पेटीसमोर उभं करणार नाही. शिवणाचं बघ तू आपल्या."

मी पँट उचलली आणि आलो. आणि हो, रडू आलं मला, त्यात लाजायचं काय?

गल्लीच्या नळाशी चिंगी भेटली. तिला सांगावं की नाही या विचारात मी नुसताच खाकरलो. तर तीच म्हणाली, "काका, तुम्ही भोकातून बघत होता. मला डोळा दिसला."

"पोरी, तुला ठाऊक आहे?"

"कधीपासून. मीटरवरचा आकडा नाचतो ना. व्हॉल्व्ह चांगले आहेत, तारा चांगल्या आहेत, मग आकडा का नाचतो? बाबांचा हात हलतो म्हणून." तिने घागर खाली ठेवली. "मी आकडा वाचते तेव्हा दुसऱ्या हाताचं बोट स्विचवर ठेवून उभी असते. काही झालं तर बंद करता यावं म्हणून. पण बंद केलं तरी वीज आत राहतेच. बाबांनीच शिकवलंय."

रोज! ही पोर रोज स्विचवर बोट ठेवून, आवाज न हलू देता, बत्तीस तेहेतीस म्हणत होती, आणि मी इकडे त्या टंऽऽगला शिव्या घालत होतो.

"तुझा एखादा लांब सदरा दे," मी म्हणालो. "मनगटाचं माप घेऊ दे."

घरी आमच्या हिने मला त्या सदऱ्याला खिसा लावताना पाहिलं. दारात उभी राहून पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मी मान वर केली नाही. "कापड नीट पडेल का हो?" एवढंच विचारून आत गेली. त्या दिवशी जेवण मात्र थंडगार वाढलं.

खिसा असा शिवला की काय सांगू! मनगट बरोबर अडकेल असं तोंड, आत दुहेरी अस्तर, टोकांना पक्के टाके. आणि गंमत म्हणजे कापड झक्क पडत होतं. कमरेशी फुगाबिगा काही नाही. अर्थात, हे मी कोणाला सांगणार नाही.

दुसऱ्याच दिवशी दातांचे डॉक्टर पेटी घेऊन हजर. संध्याकाळी त्यांच्या संघटनेचं संमेलन, भर सभागृहात 'अक्कलदाढ'चा कार्यक्रम, आणि पेटीत म्हणे जीव नाही. या वेळी नवे व्हॉल्व्ह घातलेले, म्हणजे बायस लावल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि डॉक्टर खुर्ची ओढून तिथेच बसले. "मी ऐकतो, तुम्ही लावा."

मी सदरा घेऊन गेलो, चिंगीच्या हातात दिला, ती मागच्या पडद्याआड गेली. मी बटणं मोजल्यासारखं करत दारात रेंगाळलो.

स्पीकर जोडला, पेटी चालू केली, झाकण काढलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात डॉक्टरांनी ऊब म्हणजे काय यावर आम्हाला ऐकवलं. जुन्या लाकडासारखी हवी, मधासारखी हवी, पण चिकट नको. मी आपला हो हो म्हणत होतो. एकहात्याला काही ऐकू येत होतं असं वाटलं नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

मग उठला. डॉक्टर समोर असल्यामुळे डावा हात शिस्तीत खिशात. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकला. आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. टक टक टक टक. स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर वाजत होतं. स्क्रू राहिला बाजूला, टोक जागेवरच ठरेना.

"चहा कमी करा," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे हात असा हलला असता तर लोकांच्या जिभा गेल्या असत्या."

एकहात्याने ओठ आवळले. त्याचा डावा हात खिशातून हळूहळू वर येताना मला दिसला. आधी मनगट, मग अंगठा. अरे नको, नको रे बाबा, असं मी मनात म्हणतोय तोच पडदा सरकला.

"काका, हा खिसा..." असं काहीतरी म्हणत चिंगी बाहेर आली आणि ते टक टक ऐकून जागच्या जागी थांबली. अंगात लांब सदरा, डाव्या कुशीला खिसा, आणि खिशात मनगटापर्यंत हात. बापाने मान वळवली. आधी तिच्याकडे, मग खिशाकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. व्हॉल्व्ह नुसते पेटलेले होते. मला वाटलं, आता हा फुटणार.

"हा खिसा कोणी शिवला?"

"मी," मी छाती पुढे काढून म्हणालो. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"गाढवा!" तो ओरडला. "ती डावखुरी आहे! खिसा डावीकडे शिवलास, आता तिने स्क्रू काय पायाने फिरवायचा? उजवीकडे पाहिजे खिसा, उजवीकडे! आणि तोंड एवढं पुढे नको, बोटभर मागे, म्हणजे ती वाकली तरी हात निसटणार नाही. एवढंही कळत नाही तुला?"

आणि एकदम थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं असावं, कारण कानापर्यंत लाल झाला. लेकीला खिसा नाही, खिसा नाही, असं म्हणत जो माणूस मुलीला अडवून बसला होता, त्याने मनातल्या मनात तो खिसा कधीच शिवून ठेवला होता. कुठल्या बाजूला, किती मागे, वाकल्यावर काय होईल, सगळं. आणि मी! जन्मभर कात्री चालवणारा मी! उजव्या हाताची कात्री डाव्या हातात दिली तर ती कापडाला चावणारच की हो. मी मात्र पोरीच्या हातांना वाकडे म्हणत बसलो.

"मग आता काय?" डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. "माझा कार्यक्रम आहे."

"एक मिनिट," चिंगी म्हणाली आणि पडद्याआड गेली. आली ती सदरा उलटा घालून. पाठ पुढे, पोट मागे, बटणं मानेखाली पाठीवर, गळा हनुवटीखाली करकचलेला. पण खिसा आता उजवीकडे होता. तिने उजवा हात त्यात घातला, मनगटापर्यंत, आणि डावा हात बापापुढे केला.

एकहात्याने स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. मग तिच्या खिशाचं तोंड ओढून पाहिलं, आतलं अस्तर चिमटीत धरून पाहिलं, माझे टाके नखाने खरवडून पाहिले. आणि दिला स्क्रूड्रायव्हर.

"मी वाचतो," तो म्हणाला.

तो मीटरपाशी गेला. चिंगी वाकली. तिचा हात आत गेला आणि टक टक झालं नाही. "अठ्ठावीस," तो वाचू लागला. "तीस. सावकाश. एकतीस." मधेच खटखट असा आवाज यायला लागला. मी पाहिलं तर त्याने उजव्या हाताचं बोट स्विचवर टेकवलं होतं आणि त्या थरथरीने स्विच वाजत होता. म्हणजे पोरगी रोज काय करत होती ते यालाही ठाऊक होतं. दोघंही एकमेकांपासून लपवत होते, आणि मधे मी बावळट भोकातून बघत होतो!

"बाबा," चिंगी पेटीतून डोळे न काढता म्हणाली, "ते बोट काढा. चुकून बंद कराल."

त्याने बोट काढलं. आता त्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना. डावा तर केव्हाच परत खिशात गेला होता. त्याने उजवाही हळूच दुसऱ्या खिशात घातला.

"चौतीस," तो म्हणाला. "पस्तीस. हं. थांब."

ती थांबली. हात बाहेर काढला, मगच सरळ उभी राहिली. डॉक्टरांनी गिटार जोडली, डोळे मिटले, तार छेडली. टंऽऽग. मग बराच वेळ डोळे मिटूनच बसले.

"आला जीव," ते म्हणाले. आणि खरं सांगतो, या वेळी मलाही तसंच वाटलं. अर्थात संध्याकाळी त्या पेटीतून त्यांनी जे वाजवलं, त्याला पेटीचा इलाज नव्हता.

त्यानंतर चिंगीला मी दोन सदरे शिवून दिले, खिसा उजवीकडे, तोंड बोटभर मागे. आमच्या हिने तर मला विचारलंही नाही. आपली सगळी कपाटभर कापडं आणून मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना." गल्लीतल्या बायकांना कुठून कळलं देव जाणे, रांग लागली. माझ्या गुरूने हे पाहिलं असतं तर कात्री घेऊन मागे लागला असता.

पलीकडे तार वाजतेच आहे. मधून मधून एखादं अर्धं गाणंही येतं हल्ली. ती चिंगी. बाप खुर्चीत बसून आकडे वाचतो आणि तिच्या चुका काढतो, नसल्या तरी काढतो.

परवा तीच करडी पँट घेऊन तो माझ्याकडे आला. कंबर नव्हे, खिसा, म्हणाला. मी डावा उलटा केला. झिजला होता, नेहमीसारखा.

"तो नाही," तो म्हणाला. "उजवा बघ. भोक पडलंय. यालाही दुहेरी अस्तर लाव."